फाटक कोणी उघडलं?

गेल्या दिवाळीत फराळाला आमच्याकडे एक नवीन कुटुंब आलं होतं. नुकतंच पुण्याहून टोकियोला आलेलं, मुलगा चौथीत, घराजवळच्या सरकारी शाळेत नाव घातलेलं. त्याच्या आईने मला काळजीने विचारलं, "शाळेत त्याला काहीच कळत नाही हो. सेन्सेईंना काही सांगायचं का?"

मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना देते तोच सल्ला दिला. "काही सांगू नका. मुलं पाण्यात पडली की पोहायला शिकतात. सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागेल बघा."

माझी मुलगी शेजारीच चकली खात बसली होती. ती आता हायस्कूलला आहे. ती म्हणाली, "आई, मी सहा महिन्यांत बोलायला लागले नव्हते. सहा महिन्यांत मी फक्त गप्प बसायला शिकले."

पाहुण्यांसमोर विषय तिथेच थांबला. रात्री भांडी आवरताना मात्र तिने सगळं सांगितलं. आम्ही इथे आलो तेव्हा ती तिसरीत होती. वर्गात काय चाललंय ते तिला पहिलं वर्षभर कळतच नव्हतं. शेजारच्या मुलीने पान उलटलं की ही पान उलटायची, सगळे हसले की ही हसायची. "आणि मेन्दानला सेन्सेईंनी विचारलं की काही अडचण आहे का, तर तू दर वेळी म्हणायचीस, दाइजोबु देस."

हे खरं होतं. मी म्हणायचे. सेन्सेई बिचाऱ्या विचारत होत्या आणि मी हसून मान हलवत होते. परक्या देशात आपण पाहुणे, शाळा फुकट शिकवते आहे, त्यात आणखी काय मागायचं, असं मला मनापासून वाटत होतं. आपल्यातल्या अनेकांना आजही वाटतं.

त्यानंतर वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत बसून एकाच प्रश्नाच्या मागे लागले. माझ्या मुलीला या शाळेत जागा मिळाली, फुकट पुस्तकं मिळाली, ती कशी? कोणी दिली? हाती लागलं ते मला अनपेक्षित होतं. जपानच्या शाळेचं फाटक आज जेवढं उघडं आहे, त्यातला बराच भाग ते बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी ढकलून उघडलेला आहे. त्यांतले काही तर मुलं होती.

पुस्तकामागची ओळ

सुरुवात घरातल्या वस्तूपासून करू या. तुमच्या मुलांचं शाळेचं कोणतंही पाठ्यपुस्तक मागच्या बाजूने पाहा. हे पुस्तक करांच्या पैशातून विनामूल्य दिलं आहे, जपून वापरा, अशा अर्थाची सूचना तिथे छापलेली असते. आपण ती वाचतही नाही.

जपानने १८७२ साली 'गाकुसेइ' हा शिक्षणाचा हुकूम काढला आणि गावोगावी शाळा उभ्या राहू लागल्या. युद्धानंतर १९४७ साली नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या कलम २६ ने शिक्षणाचा हक्क दिला आणि सक्तीचं शिक्षण विनामूल्य असेल असंही म्हटलं. त्याच वर्षापासून सहा अधिक तीन अशी नऊ वर्षांची शाळा सक्तीची झाली. पण पाठ्यपुस्तकं विकतच घ्यावी लागत. कोची शहरातल्या नागाहामा या भागातल्या आयांनी १९६१ साली विचारलं, की घटनेत विनामूल्य लिहिलं आहे तर पुस्तकांचे पैसे कसले? त्यांतल्या अनेक जणी बुराकु समाजातल्या होत्या, म्हणजे ज्या समाजाला जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यासारखं वागवलं गेलं त्यातल्या. घरात मीठ-मिरचीची मारामार, तिथे पुस्तकं कुठून आणणार? त्यांच्या आंदोलनाचा आवाज टोकियोपर्यंत पोचला. १९६३ पासून पहिलीच्या मुलांना पुस्तकं फुकट मिळू लागली आणि १९६९ पर्यंत नऊही इयत्तांना मिळू लागली.

माझी मुलगी जपानी नाही, तरी पुस्तकं तिलाही मिळाली. त्यामागची पहिली हाक कोचीतल्या त्या आयांची होती.

रात्रशाळेतला तरुण

दुसरी गोष्ट टोकियोच्या आराकावा वॉर्डातली. आपल्यातले काही जण त्याच भागात राहतात.

युद्ध संपलं तेव्हा मांचुरियातून हजारो जपानी लोक परतले. त्यांत ताकानो मासाओ नावाचा एक अनाथ मुलगा होता. ना आईवडील, ना घर, ना शाळा. टोकियोत भंगार वेचत वाढला. एका वृद्ध कोरियन भंगारवाल्याने त्याला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. पुढे त्याला कळलं की आराकावा नवव्या माध्यमिक शाळेत रात्रीचे वर्ग भरतात. दिवसा काम करणाऱ्यांसाठी, वय उलटून गेलेल्यांसाठी. तिथे तो शिकला आणि १९६४ साली बाहेर पडला. त्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक झालं, शिनकानसेन धावू लागली. सारं जग ज्या झगमगत्या शहराकडे पाहत होतं, तिथेच विशी ओलांडलेला एक तरुण नुकताच वाचायला-लिहायला शिकला होता.

या रात्रशाळांना जपानीत याकान च्यूगाक्को म्हणतात. युद्धानंतरच्या गरिबीत शिक्षकांनी आणि गावांनी आपापल्या जबाबदारीवर त्या सुरू केल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्या ऐंशीहून जास्त होत्या, पण दहा-बारा वर्षांत विसाच्या आसपास उरल्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये सरकारच्या प्रशासन विभागाने शिफारस केली की या शाळा लवकरात लवकर बंद कराव्यात. कारण वरवर पाहता योग्य होतं. सक्तीच्या वयाची मुलं दिवसा शाळेत असायला हवीत, रात्रशाळेची कायद्यात तरतूद नाही. कागदावर चूक काहीच नव्हती. ज्यांचं शाळेचं वय युद्धाने आणि उपासमारीने खाऊन टाकलं, ती माणसं मात्र त्या कागदात कुठेच नव्हती.

ताकानो गप्प बसला नाही. शाळेतल्या शिक्षकांबरोबर त्याने रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांवर एक माहितीपट तयार केला आणि तो घेऊन देशभर फिरू लागला. जिथे जाईल तिथे लोकांना पडद्यावर दाखवायचा, की बघा, आम्ही आहोत. अक्षर हे कुणी केलेलं दान नाही, आपल्याकडून हिरावून घेतलेली ती वस्तू आहे आणि ती आपण परत घेतो आहोत, अशी त्याची भूमिका होती. फिरत फिरत तो ओसाकाला पोचला आणि तिथे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून नव्या रात्रशाळेची मागणी लावून धरली. १९६९ च्या जूनमध्ये ओसाकात तेन्नोजी इथे रात्रशाळा सुरू झाली. ज्या शाळा बंद करायच्या होत्या त्या वाढू लागल्या. ओसाका भागातल्या रात्रशाळांमध्ये पुढे कितीतरी कोरियन आज्या उतारवयात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या.

दिग्दर्शक यामादा योजी यांचा 'गाक्को' हा १९९३ चा चित्रपट अशाच रात्रशाळेवर आहे. आणि डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे त्या शिफारशीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, संसदेने शिक्षणसंधीचा कायदा केला. आता प्रत्येक प्रीफेक्चरमध्ये निदान एक तरी रात्रशाळा असावी हे सरकारचंच धोरण आहे. आज या शाळांत शिकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक परदेशी नागरिक आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरी भारतात शाळा अर्धवट सुटलेली, पंधरा वर्षं ओलांडलेली मुलगी किंवा मुलगा आला, तर त्याच्यासाठी हे दार आहे. ते ताकानोने उघडं ठेवलं.

फाटकासमोरचा मुलगा

तिसरी गोष्ट एका आठ वर्षांच्या मुलाची. ती वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं.

कानाई कोजी हा १९६९ साली जन्मलेला मुलगा. टोकियोच्या आदाची वॉर्डात राहायचा. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या, त्यांना तेव्हा योगो गाक्को म्हणत. कोजी तशा शाळेत जात होता. १९७७ च्या सुमारास त्याने सांगितलं, मला धाकट्या भावासारखं घराजवळच्या शाळेत जायचं आहे. वॉर्डाच्या शिक्षण मंडळाने नाही म्हटलं.

त्या काळाची पार्श्वभूमी सांगायला हवी. त्याआधी तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांना शाळेकडून 'सध्या नको' किंवा 'सूट आहे' असं सांगितलं जाई आणि मूल घरीच राही. १९७९ पासून सरकारने योगो गाक्को सक्तीच्या केल्या. म्हणजे अशा प्रत्येक मुलाला शाळा मिळणार हे नक्की झालं. अनेक पालकांना ते वरदान वाटलं आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण अपंग तरुणांच्या काही संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, की शाळा दिलीत, पण कोणती शाळा हे आम्हाला विचारलंत का? वेगळ्या शाळेत घातलेलं मूल पुढे वेगळ्याच जगात राहतं.

या वादाच्या मधोमध कोजी उभा राहिला. दाखला नसताना तो शाळेत जाऊ लागला. त्याला जपानीत जिशु तोको असं नाव पडलं, म्हणजे स्वतःहून शाळेत जाणं. घरच्यांबरोबर आणि मदतीला येणाऱ्या तरुणांबरोबर तो हानाहाता-हिगाशी प्राथमिक शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. फाटक बंद असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. अशी वर्षं गेली. प्राथमिक शाळेचं वयच निघून गेलं. शेवटी १९८३ साली त्याला हानाहाता-किता या साध्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला. १९९९ साली, वयाच्या तिशीत तो गेला.

कोजीने काही कायदा बदलला नाही. पण त्याच्यानंतर अपंग मुलाला आणि पालकांना काय हवंय हे न विचारता शाळा ठरवणं हळूहळू अवघड होत गेलं. २००७ पासून 'विशेष साहाय्य शिक्षण' ही नवी व्यवस्था आली. तिने वाचन-लेखनात किंवा लक्ष देण्यात अडचण असणाऱ्या, साध्या वर्गात बसणाऱ्या मुलांनाही मदत देऊ केली. २०१३ साली नियम बदलला आणि मुलाची व पालकांची इच्छा शक्य तितकी मानायची असं ठरलं. २०१४ साली जपानने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जपानला सांगितलं, की मुलांना वेगळं काढून शिकवणं थांबवा. शिक्षणमंत्र्यांनी उत्तर दिलं, की विशेष शिक्षण बंद करण्याचा विचार नाही. म्हणजे कोजीचा वाद अजून मिटलेला नाही.

तो आपल्या घरांतही मिटलेला नाही. आपल्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात, तो एका जागी बसू शकत नाही, हे आपण गणपतीत भेटलेल्या मैत्रिणीलासुद्धा सांगत नाही. लोक काय म्हणतील, ही भीती विमानात बसून आपल्याबरोबर नारिताला उतरली. शाळेने त्सुक्यूचा वर्ग सुचवला, म्हणजे आठवड्यातले काही तास वेगळी मदत, की आपल्याला तो अपमान वाटतो. मुलाला काय वाटतं हे आपण विचारलेलं नसतं.

आपल्या मातीतली दोन मुलं

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा सगळा जपानचा इतिहास झाला, आपला त्याच्याशी काय संबंध? जपानच्या आणि आपल्या शाळांचं नातं मात्र जुनं आहे. महर्षी कर्व्यांच्या हातात १९१५ साली टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका आली. ती वाचून त्यांना आपल्याकडेही असं काही हवं असं वाटलं आणि १९१६ साली पुण्यात त्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. तेच पुढचं एसएनडीटी. पण फाटकाबाहेरून बोलणारी मुलं आपल्याकडे त्याच्याही साठ वर्षं आधी होती.

पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. कोवळ्या वयाच्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आम्हाला वाचायचा अधिकार नाही म्हणता, मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सरळ सवाल होता. आपल्या समाजातल्या बायका उघड्यावर बाळंत होतात त्याचंही तिने लिहिलं. शाळेत बसायला मिळालं म्हणून आभार मानून ती थांबली नाही. शाळेने दिलेली लेखणी घेऊन तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाहेर राहिलेल्यांबद्दल बोलली.

पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला, की मला सरकारी शाळेत घ्या. सरकारने नकार दिला. एका मुलासाठी बाकीचे सगळे विद्यार्थी शाळा सोडून जातील, अशी सरकारला भीती होती. अर्ज फेटाळला गेला, पण विरून गेला नाही. तो वरवर सरकत लंडनपर्यंत गेला आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व कंपनीच्या संचालकांना मान्य करावं लागलं. तत्त्व मान्य झालं तरी प्रत्यक्षात वर्गाबाहेर बसणं कित्येक दशकं सुटलं नाही. त्या मुलाचं नाव मला कुठे सापडलं नाही. त्याच्या अर्जाचा उल्लेख मात्र डॉ. आंबेडकरांच्या लेखनातही आहे.

पुणे, धारवाड, आराकावा, आदाची. भाषा वेगळ्या, काळ वेगळा, अन्यायाची जात वेगळी. मागणी एकच: आम्हाला आत घ्या आणि आत घेतल्यावर आमचंही ऐका.

आपल्या मुलांचं पान

आता आपली पाळी. घटनेच्या कलम २६ मध्ये हक्क ज्यांना दिला आहे त्यांच्यासाठी 'कोकुमिन' हा शब्द आहे, म्हणजे देशाचे नागरिक. म्हणून शाळेत घालण्याची कायदेशीर सक्ती जपानी पालकांवर आहे, आपल्यावर नाही. ऐकायला हे सोयीचं वाटतं. त्याचा दुसरा अर्थ असा, की परदेशी मूल शाळेत आलं नाही तर शोधत जाणं कुणाचंही बंधनकारक काम नव्हतं. मात्र पालकांनी इच्छा दाखवली तर सरकारी शाळा परदेशी मुलाला जपानी मुलासारखंच विनामूल्य घेते. १९९१ साली दक्षिण कोरियाशी झालेल्या समझोत्यानंतर परदेशी कुटुंबांनाही शाळाप्रवेशाची सूचना पाठवण्याची पद्धत सुरू झाली. तीही इथल्या कोरियन समाजाच्या दीर्घ लढ्याची कमाई.

१९९० साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि ब्राझील, पेरूमधून जपानी वंशाची कुटुंबं कारखान्यांत कामाला आली. त्यांच्या मुलांना जपानी येत नव्हतं. मग सरकारने अशा मुलांची मोजणी सुरू केली. पुढे आयटीच्या लाटेबरोबर आपण आलो आणि निशी-कासाईच्या आसपास वस्ती वाढली. २००४ आणि २००६ मध्ये टोकियोत भारतीय शाळा निघाल्या. ज्यांना तिथली फी परवडली त्यांचा प्रश्न बराचसा सुटला. बाकीच्यांची मुलं सरकारी शाळेत गेली.

२०१४ च्या एप्रिलपासून जपानी न येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या वेळेतच खास अभ्यासक्रम करता येऊ लागला. मुलाला काही तास वर्गाबाहेर घेऊन जपानी शिकवायचं, त्याला तोरिदाशि म्हणतात. माझी मुलगी त्यानंतर दीड वर्षाने शाळेत गेली. म्हणजे ज्या मदतीची तिला गरज होती ती नियमात होती. मी दाइजोबु म्हटलं.

मग 'माइनिचि' वृत्तपत्राने परदेशी मुलांच्या शिक्षणाचा पाठपुरावा केला आणि २०१९ साली सरकारने पहिल्यांदा देशभर मोजणी केली. शाळेच्या वयाची परदेशी मुलं १,२३,८३० निघाली. त्यांतली १९,४७१ शाळेत जात नसावीत किंवा जातात की नाही हेच ठाऊक नाही, असं आढळलं. हायस्कूलचं चित्रही चांगलं नव्हतं. २०१८ च्या पाहणीत जपानी भाषेची मदत लागणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ९.६ टक्के हायस्कूल सोडून गेले होते. सगळ्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १.३ टक्के होतं. २०२३ च्या एप्रिलपासून हायस्कूलमध्येही जपानी भाषेचे खास तास घेता येतात. त्याच वर्षीच्या मोजणीत अशी मदत लागणारी मुलं सुमारे ६९ हजार होती. त्यांत ११ हजारांहून जास्त मुलांकडे जपानी नागरिकत्व आहे. तेव्हा ज्यांच्या घरात एक पालक मराठी आणि एक जपानी, त्यांनीही हा प्रश्न आपला नाही असं समजू नये.

बोलण्याला आता कायद्याचंही बळ आहे. जपानने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९४ साली मान्य केला. त्यात मुलाचं मत ऐकून घेण्याचा हक्क आहे. पण तो देशाच्या स्वतःच्या कायद्यात यायला १ एप्रिल २०२३ उजाडला. त्या दिवशी 'कोदोमो किहोन्हो', म्हणजे मुलांसाठीचा मूलभूत कायदा लागू झाला. मुलांशी संबंधित धोरण ठरवताना मुलांचं मत विचारात घ्या, असं तो सरकारला आणि स्थानिक संस्थांना सांगतो.

त्याआधी मुलांनी काय सोसलं तेही सांगते. ओसाका प्रीफेक्चरमधल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलीचे केस मुळात तपकिरी होते. ते काळे रंगव असं शाळेने वारंवार सांगितलं. तिची शाळा सुटली. तिने २०१७ साली दावा लावला. २०२१ साली न्यायालयाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही, पण वर्गातून तिचं बाक आणि यादीतून तिचं नाव काढून टाकलं म्हणून ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. रक्कम छोटी होती, चर्चा मोठी झाली. टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी २०२२ च्या एप्रिलपासून केस काळे करायला लावण्यासारखे नियम काढून टाकले. शाळांनी नियम वेबसाइटवर उघड ठेवावेत आणि त्यांवर विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकावं, असं त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेत आलं. कुरळ्या केसांच्या, टोचलेल्या कानांच्या, लग्नाहून परत येताना हातावर मेंदी घेऊन येणाऱ्या आपल्या मुलींना याचा उपयोग आहे.

दोन म्हणींच्या मधे

जपानीत म्हण आहे, वर आलेल्या खुंटीवर हातोडा बसतो. मराठीत म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आपली मुलं या दोन म्हणींच्या मधे वाढतात. आपण त्यांना बहुधा पहिलीच शिकवतो आणि त्यालाच संस्कार म्हणतो.

मी भांडा असं म्हणत नाही. सेन्सेईंवर कामाचा किती बोजा आहे ते मी पाहिलं आहे. पण विचारणं म्हणजे भांडण नव्हे. शाळेत किंवा वॉर्डाच्या शिक्षण मंडळात जाऊन तीन शब्द उच्चारले तरी खूप होतं. 'निहोंगो शिदो', म्हणजे जपानी भाषेची शिकवणी. 'त्सुक्यू', म्हणजे साध्या वर्गात राहून काही तास खास मदत. आणि 'गोरितेकि हाइर्‍यो', म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार वाजवी सोय: परीक्षेत थोडा जास्त वेळ, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, पुढचं बाक. अपंगत्व असलेल्या मुलासाठी अशी सोय करणं सरकारी शाळांना २०१६ पासून आणि खासगी शाळांना २०२४ पासून बंधनकारक आहे. प्रत्येक ठिकाणी शिक्षक लगेच मिळेल असं नाही. वॉर्डागणिक फरक आहे. पण कुणी मागितलंच नाही तर गरज आहे हे मोजलंही जात नाही.

आपल्यातल्या योगेंद्र पुराणिकांनी २०१९ साली एदोगावा वॉर्डाच्या सभेत निवडून येऊन दाखवलं आणि पुढे ते इबाराकीत सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. म्हणजे आपण फाटकाच्या आतल्या खुर्चीतही बसू शकतो. तोवर निदान फाटकाशी जाऊन बोलू तरी.

मुलांनो, तुमच्यातले जे हे मराठी कष्टाने वाचत आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. तुम्हाला शाळेत काय कळत नाही, काय खुपतं, हे आम्हाला सांगा. आम्ही दाइजोबु म्हणू लागलो तर आम्हाला थांबवा.

त्या पुण्याच्या मुलाचं काय झालं? दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझी मुलगी त्याच्या आईबरोबर शाळेत दुभाषी म्हणून गेली. सेन्सेईंनी आईला विचारलं, काय अडचण आहे. माझी मुलगी म्हणाली, त्यालाच विचारा, मी सांगते. त्याने जरा वेळ घेतला आणि मराठीत म्हणाला, "गणित येतं मला. फक्त प्रश्न वाचता येत नाही."

सेन्सेईंनी ते वहीत लिहून घेतलं. आता आठवड्यातून दोनदा एक शिक्षिका त्याला वेगळं बसवून जपानी शिकवतात. यंदा तो फराळाला येणार आहे. त्याच्या आईला मी या वेळी कोणताच सल्ला देणार नाही.